रिकाम्या होडीच्या पाणरेषेबाबत

विषय : लाकडी होडी नोंदणीतून कमी करून फोडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझा अर्ज व त्यानंतरची तीन स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयी निवेदन असे. बंदर कार्यालयात मी चौतीस वर्षे नोंदवही लिहिली. लोकांचे अर्ज कसे पडून राहतात हे मला कोणी शिकवायला नको. माझा का पडून आहे, ते मात्र जरा जवळ बसून ऐकावे लागेल.

होडी माझ्या मेहुण्याची. बायको गेल्यापासून त्याला घर खायला उठे. मग ही बेवारस होडी त्याने मागून घेतली आणि कित्येक महिन्यांनी तो हसला. पत्नीने मला बजावले, "दादाला अडवू नका. हाताला काम आहे तोवर तो निदान जेवतोय." तेव्हा मीही रंग खरवडायचे पाते घेऊन शेडमध्ये रुजू झालो.

जुन्या रंगावर गरम हवा सोडायची, फोड आले की पाते सरकवायचे. जळक्या तेलाचा वास कपड्यांतून जाता जात नसे. हिरव्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली निळा. प्रत्येक थरात मात्र कडेने एक लाल पट्टा होता.

"ही पाणरेषा," डागडुजीला बोलावलेला सुतार म्हणाला. "रिकामी होडी पाण्यात सोडायची, पाणी जिथवर चढेल तिथे पट्टा मारायचा. नवा मालक, नवा रंग, नवा पट्टा."

सवयीने मी प्रत्येक पट्ट्याच्या जागी पेन्सिलीने खूण करत गेलो. पाच थर, पाच पट्टे. सर्वांत जुना सर्वांत खाली. पुढचा प्रत्येक बरोबर एक बोट वर.

"रिकामी होडी मालकागणिक जड कशी होते?" मी विचारले.

"वय झालं तिचं, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "तुमचं नाही पोट सुटलं?"

सुतार हसला नाही. त्याने फळ्या ठोकून पाहिल्या. "लाकूड खडखडीत कोरडं आहे," एवढेच बोलला.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन जुन्या नोंदी काढल्या. पाच मालक. पाचही जण पाण्यावर गेले आणि होडी एकटी परत आली. शेवटच्या तीन नोंदी माझ्याच अक्षरात होत्या : 'मालक मिळून आला नाही. होडी सुस्थितीत.' तीन वेगळी वर्षे, तीन वेगळी पाने. मागचे पान उलटून पाहणे माझ्या कामात मोडत नव्हते.

मेहुण्याला सांगितले. "पाण्यात माणसं जातातच," तो म्हणाला. "त्यात होडीचा काय दोष?"

भर दुपारी होडी पाण्यात उतरवली. आत काही नव्हते; वल्हीसुद्धा धक्क्यावर होती. पाणी माझ्या पहिल्या खुणेशी आले आणि वर चढत राहिले. दुसरी खूण बुडाली. तिसरी. सावकाश, मध्ये थांबत थांबत, एकेकाने चढून बसावे तसे. पाचवीही बुडाली, आणि तिच्या एक बोट वर पाणी स्थिरावले.

मेहुणा आत उतरला. होडी आणखी एक बोट दबली. तेवढे रीतसर होते.

"या ना, भाऊजी… जागा आहे," तो म्हणाला. मग बाकांकडे वळून पाहत राहिला. "नाही… थांबा. जागा नाही."

मी दंड धरून त्याला धक्क्यावर ओढले. होडी वर आली नाही.

वारा पडला होता. सुतार धरून आम्ही तिघेही धक्क्यावर होतो. होडी तेवढीच दबलेली राहिली.

संध्याकाळी पत्नी माझ्या कानाशी आली. "दादा खाटेवर बसलाय… खाट कुरकुरली नाही."

"मग?"

"मांजर चढलं तरी कुरकुरते हो ती."

रात्र न दवडता मी अर्ज लिहिला. मेहुण्याला ते कळले तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. पाऊल वाजले नाही.

"फोडू नका, भाऊजी," तो म्हणाला. "मग मी… कुठे बसू?"

तेव्हापासून आम्ही त्याला घराबाहेर सोडत नाही. अर्ज रेटावा की मागे घ्यावा, हे मला ठरवता येत नाही, आणि या वयात तसे लिहून देण्याची लाजही वाटत नाही.

कार्यालयाने एकच त्रुटी काढली आहे : होडी रिकामी असल्याचा दाखला जोडावा. त्यासाठी निरीक्षक दोनदा धक्क्यावर येऊन गेले. दोन्ही वेळा होडीत बराच वेळ पाहत राहिले, आणि सही न करता परतले.

अर्ज प्रलंबित आहे.