घड्याळजींचे अक्रोड

घड्याळजी गेल्यावर त्यांच्या खारींचं काय करायचं, हे घरात कोणालाच सुचेना. शेवटी आरोग्य खात्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना पाठवलं. गच्चीवर जाळीचा मोठा पिंजरा होता आणि परदेशी जातीच्या तांबूस खारी त्यात मजेत पळत होत्या. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांच्या अंगातला विषाणू त्यांना त्रास देत नाही. माणसात शिरला की मात्र मेंदू गाठतो, आणि त्याच्यावर औषध नाही. शास्त्राला ठाऊक होतं ते एवढंच, आणि घड्याळ दुरुस्त करण्यात हयात गेलेला तो म्हातारा त्या विषाणूनेच गेला होता.

जाड कातडी हातमोजे घातले की बोटांना अंदाज येत नाही आणि खार दबते, म्हणून खारी हाताळणारे बहुतेक जण शेवटी पातळ मोजे चढवतात. बाईंनीही तेच केलं. तोंडातला नमुना घेताना एका खारीचा दात मोज्यावर घासला. बाईंनी मोजा काढून बोट उजेडात धरलं. रक्त नव्हतं. तरी त्यांनी हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले.

खाली जिन्यापाशी घड्याळजींची सून उभी होती.

"बाबा शेवटी शेवटी अक्रोड लपवायचे," ती म्हणाली. "खारींसाठी आणलेले. चपलांत, गादीत, घड्याळांच्या पोटात. आणि आपण काही विचारायच्या आधीच म्हणायचे, मी नाही ठेवले."

"मेंदूला सूज आली की माणूस भ्रमतो."

"असेल. आम्ही सगळे शोधून काढले. तरी घरात खवट वास येतो हो."

खात्यातल्या साहेबांनी बाईंचं रक्त तपासायला पाठवलं आणि अहवालाला वेळ लागेल म्हणून सांगितलं. बाईंनी घरी आपलं ताट, टॉवेल, अंथरूण वेगळं केलं. नवऱ्याला थट्टेला आयताच विषय मिळाला. "माणसाकडून माणसाला होत नाही, हे तूच सांगितलंस ना? मग हे काय नवं खूळ, खारूताई?" असं म्हणत तो मुद्दाम बाईंचंच ताट ओढून जेवायला बसायचा. बाई हसायच्या, पण आतून टरकलेल्या होत्या. अक्रोडांबद्दल मात्र त्यांनी त्याला एक अक्षरही सांगितलं नाही. गेलेल्या माणसाची गोष्ट तिखटमीठ लावून मित्रांत सांगायला त्याला कितीसा वेळ लागणार.

खारी न्यायला त्या पुन्हा घड्याळजींच्या घरी गेल्या. या वेळी तोंडावर जाड मास्क होता. जिना चढताना मधेच त्या थांबल्या. त्यांचा डावा हात कठड्याखालच्या एका फळीकडे गेला. फळी सैल होती. मागच्या पोकळीत अक्रोड रचून ठेवले होते, तेलाने काळे पडलेले.

"तुम्हाला कसं कळलं?" सुनेने विचारलं.

"वासावरून."

मास्कमधून त्यांना स्वतःच्या श्वासाखेरीज कसलाच वास येत नव्हता. सून एक पायरी खाली सरकली.

त्या दिवसापासून बाईंना आपल्या हातांची भीती वाटू लागली. भांडी विसळतानाही त्या हातांवर नजर ठेवून असायच्या. कामावरून आल्या की पर्स, बूट, उशी, कपड्यांचं कपाट, जिथे म्हणून आपला वावर असतो ती प्रत्येक जागा उलटीपालटी करायच्या. काही सापडायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "अहवाल स्वच्छ आहे. विषाणूचा मागमूसही नाही. आता निवांत झोपा."

बाई खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या. नवऱ्याने पाठीवर हात फिरवला. "वेडी कुठली. थांब, चहा टाकतो," म्हणाला आणि आत गेला. भांड्यांचा आवाज येऊ लागला. बाईंना कित्येक दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

शेल्फवर सासऱ्यांचा जुना रेडिओ होता. तो कधीचा बंद पडलेला, पण नवऱ्याचा जीव त्याच्यावर. त्याच्याखेरीज त्याला कोणी हात लावत नसे.

बाई डोळे पुसून उठल्या. का उठल्या, ते त्यांना कळलं नाही.

हात थेट रेडिओच्या मागच्या झाकणावर गेला. त्यांनी ते आवाज न करता सरकवलं.

आत, तारांच्या मधे, अक्रोड ठासून भरले होते.

स्वयंपाकघरात कपात फिरणारा चमचा थांबला.

"मी नाही ठेवले," भिंतीपलीकडून नवरा म्हणाला.