खांब नसलेली खोली

ही घडलेली गोष्ट आहे. कुणी हसलं तरी चालेल.

रात्र नव्हती. सतरा जानेवारी, सकाळचे साडेअकरा. चंदीगडला लागून असलेलं मुल्लानपूर. धुकं इतकं की रस्त्यापलीकडचं गव्हाचं शेत नाहीसं झालं होतं.

जिच्याबाबतीत घडलं ती ओजस्विनी, माझी धाकटी बहीण. तिने सांगितलं तसं लिहिते आहे.

ओजू आर्किटेक्ट. आमचे बाबा स्ट्रक्चरल इंजिनिअर. घर ती रेखाटायची, ते उभं कसं राहील हे बाबा बघायचे. मुल्लानपूरला बांधत असलेल्या या घरात तिला वरच्या मजल्यावर दहा फूट पुढे आलेली खोली हवी होती. खाली एकही खांब नको.

"एक खांब दे गं. एवढासा."

"बाबा, खांब दिला की घर बसस्टॉपसारखं दिसतं."

"आणि नाही दिला तर?"

"तर तुमची डिग्री कामाला येईल."

बाबा हसले. आठवडाभर आकडे मांडत बसले, सळया वाढवल्या आणि खोली अधांतरी उभी केली.

ऑक्टोबरात खोलीचे टेकू निघाले. ती किती वाकली हे मोजायला बाबा टेप घेऊन तिच्याखाली गेले. ओजू गच्चीवर होती, फोन कानाला. शेजारी मिस्त्री विजयकुमार. त्याच्या माणसांना स्लॅब ओतताना लावलेल्या, सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा गच्चीवरून जमिनीवर टाकायच्या होत्या.

त्या खोलीच्या आडोशाला कुणी असलं तर वरून दिसत नव्हतं.

"कुठे आहात, बाबा?"

"खाली आहे. चार मिलिमीटर, ओजू. फक्त चार वाकलीय. तू जिंकलीस."

त्याच क्षणी विजयकुमारने विचारलं, "मैडम जी, खाली है?"

तो विचारत होता, जागा मोकळी आहे ना.

तिच्या कानात बाबांचं मराठी 'खाली' होतं. ती म्हणाली, "हां, खाली है."

प्लेट आडवी नाही पडली. उभी गेली.

बाबा नेमके एक पाऊल बाहेर आले होते. हेल्मेट नारळासारखं फुटलं. फोन चालूच होता. ओजूने ते आधी फोनमधून ऐकलं...

पोलिसांनी बाबांचा मृत्यू अपघात म्हणून लिहिला. विजयकुमार 'खाली' या शब्दाबद्दल बोलला नाही. ओजूही नाही.

जानेवारीत वरची पाण्याची टाकी झाली. पुन्हा प्लेटा उतरवायच्या होत्या. या वेळी ओजूने सगळ्यांना लांब केलं, दोरी बांधली, स्वतः फिरून पाहिलं. मग जिना चढायला लागली.

अर्ध्या जिन्यात तिला आवाज आला.

खर्रर्र...

मोजायचा स्टीलचा टेप डबीत परत ओढला जातो, तसा.

ती थांबली. शांतता.

पुन्हा... खर्रर्र.

खोलीखालून येत होता. कुणीतरी राहिलंय, असं वाटून ती धावत खाली आली. दोरी ओलांडली. आत वाकून पाहिलं.

कुणी नव्हतं.

धुकंसुद्धा तिथे आत शिरलं नव्हतं. चौकोनी, कोरडी, रिकामी जागा...

तेवढ्यात वर विजयकुमारचा आवाज. "मैडम जी, खाली है?"

ओजूने ओरडायला तोंड उघडलं.

पण उत्तर आधीच आलं. गच्चीवरून.

"हां, खाली है."

तिचाच आवाज. तिचाच सूर. किंचित घाईतला, फोनवर असल्यासारखा.

ओजू म्हणाली, "ताई, ते ऐकून मला भीती वाटलीच नाही. मला वाटलं, वर कुणीतरी सांगतंय की मी खाली आहे. म्हणजे आता ते थांबतील. म्हणून मी बघायला एक पाऊल बाहेर टाकलं."

मग तिने चांगल्या हाताने पांघरूण वर ओढलं.

"बाबांनाही असंच वाटलं असणार. त्यांनी माझं ऐकलं होतं. म्हणूनच ते बाहेर आले."

प्लेट तिच्या डाव्या खांद्यावर आली. मांस कापडासारखं उलगडलं. हात कोपरापर्यंत चिरत प्लेट जमिनीत रुतली आणि थरथरत उभी राहिली. ओजू शुद्धीवर होती. तिने स्वतःचा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात हात वाचला. बोटं अजून मिटत नाहीत.

तिसऱ्या दिवशी विजयकुमार आला. कॉरिडॉरमध्ये पगडीचं टोक डोळ्यांना लावत उभा होता. मी म्हटलं, खाली न बघता प्लेट टाकलीत कशी?

"दीदी, मैडम तो मेरे साथ खड़ी थीं. ऊपर. हम चारों ने देखा."

"ती खाली होती, विजयकुमारजी."

"वो मैं नहीं जानता. मैंने पूछा तो चुप रहीं. फिर साहब ने झुककर उनके कान में कुछ कहा. तब बोलीं."

"कोण साहब?"

त्याने पगडीचं टोक खाली सोडलं.

"आपके पिताजी, और कौन."

बाबांनी आम्हाला कधी चापटसुद्धा मारली नव्हती. हे मी स्वतःला रोज सांगते.

ओजूला मी यातलं काही सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. सोमवारपासून ती साइटवर जाणार आहे. म्हणते, खोलीखाली जाऊन यायचंय, बाबांशी बोलायचंय.

आज शनिवार.