चिमट्याचं वजन

त्या काळात मोटरसायकलचा चिमटा दुकानात मिळत नसे. चिमटा म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा लोखंडी हात. धातू सोन्याच्या भावाला भिडला होता, त्यामुळे एका साच्यातून हजार चिमटे ओतायची चैन संपली होती. ज्याचा चिमटा त्याच्या मापाचा, असा कायदाच झाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उर्मिला मगदूमचा कारखाना या कामात नावाजलेला होता.

श्रेणिक चौगुले हा तिचा होणारा जावई. गुरांचा डॉक्टर. पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर मोटरसायकलवरून हिंडायचा. लग्नात जावयाला नवी गाडी द्यायची, तीही आपल्या हातची, असं उर्मिलानं परस्पर ठरवून टाकलं होतं. नको म्हणायची सोयच तिनं ठेवली नव्हती. त्याप्रमाणे श्रेणिकनं माप देण्यासाठी महिनाभर चाचणीची गाडी फिरवली आणि परत आणली. गाडीतली नोंद उर्मिलानं चिमटे घडवणाऱ्या यंत्राला जोडली.

"मामी, आता हे यंत्र काय करणार?"

"धातू दमतोय, डॉक्टर. तार सारखी वाकवली की तुटती का न्हाई? चिमटा बी खड्ड्यागणिक जरा वाकतोय, परत सरळ होतोय. असं करत करत आत बारीक चीर पडती. म्हणून यंत्र आधी अंदाज बांधतंय, हा गडी अजून किती किलोमीटर चालवणार? तेवढ्याला पुरंल एवढाच धातू घालायचा."

"आणि त्याला ते कसं कळतंय?"

"तुमच्या हातावरनं. ब्रेक कधी धरता, वळणावर किती झुकता, मुठीतली नाडी कशी चालते. लाखो माणसांचे हात बघितल्यात त्यानं."

"म्हंजे ज्योतिषीच की!"

"ज्योतिषी खोटं बोलतोय. हे बोलत न्हाई."

श्रेणिकनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, दारात उभ्या असलेल्या सन्मतीकडे पाहिलं आणि नुसताच हसला. सन्मती, उर्मिलाची एकुलती लेक, तीही हसली.

यंत्रानं धातूची पूड थरावर थर वितळवत चिमटा उभा केला. आतून तो हाडासारखा जाळीदार असे. जिथं जोर येणार तिथं दाट, बाकी पोकळ. उर्मिलानं तो उचलला आणि काट्यावर ठेवून पाहिला. चिमटा फार हलका होता. पडद्यावर आकडा होता तीस हजार किलोमीटर. या आकड्याला धंद्यात 'उरलं अंतर' म्हणत. तिशीच्या आतल्या पोराला तो लाखांत यायचा. तीस हजार म्हणजे श्रेणिकच्या फिरण्याला फार तर दीड वर्ष.

असे हलके चिमटे तिनं पूर्वी दोनदा पाहिले होते. एक तालमीतला पैलवान होता, एक प्राध्यापक. दोघंही वर्षाच्या आत गेले. एकाचं हृदय, दुसऱ्याच्या डोक्यात गाठ. उर्मिला स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेली, नवरा मोटरसायकलवरच गेलेला. आपलं नशीब पोरीच्या कपाळी नको, एवढंच तिला दिसलं.

वाटलं तर धातू वाढवायचा अधिकार तिला होता. तिचा हात बटणापर्यंत गेलाही, आणि मागं आला. जाणाऱ्याला कशाला जादा धातू, असा हिशेब तिनं केला. माया माणसाला आंधळं करते म्हणतात. उर्मिलाला तिनं काटकसरी केलं.

मग तिनं सन्मतीला पडद्यावर श्रेणिकचा महिन्याभराचा रस्ता दाखवला. एका घरापुढं गाडी रोज संध्याकाळी थांबत होती.

"तिथं बाई हाय त्याची," उर्मिला म्हणाली.

त्या घरी एक आजारी म्हैस होती, हे उर्मिलाला पक्कं ठाऊक होतं. पण यंत्र खोटं बोलत नाही, हे सन्मती लहानपणापासून आईकडूनच शिकली होती. तिनं श्रेणिकला एका शब्दानंही विचारलं नाही. लग्न मोडलं. गाडी मात्र उर्मिलानं चिमटा बसवून त्याच्या घरी पोचती केली. दिलेला शब्द मोडू नये म्हणे!

आकडा गिऱ्हाइकाला सांगायचा नाही, ही धंद्याची रीत होती. माणूस हाय खातो. अंतर संपत आलं की कारखान्यानं बोलावणं धाडायचं आणि नवा चिमटा घालायचा. सव्वा वर्षानं श्रेणिकच्या नावापुढं 'बोलवा' असा लाल दिवा लागला. कुठल्या तोंडानं बोलवायचं? शिवाय तो आता किती दिवसांचा सोबती, असं मनाला समजावून उर्मिलानं दिवा बंद केला.

पुढं चार-पाच महिन्यांनी श्रेणिक भर दुपारी पन्हाळ्याच्या उतारावर गाडीवरून पडून गेला. अडलेल्या गाईकडे निघाला होता. चिमटा मधोमध तुटला होता.

कायद्याप्रमाणे पोलिसांनी तुकडे कारखान्यात आणून दिले. तुटल्या जागी बारीक वळसे उमटले होते; चीर हळूहळू वाढत गेल्याची ती खूण. गाडी तेहतीस हजार चालली होती. चिमट्यानं कबूल केल्यापेक्षा जास्तच साथ दिली होती. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गडी आतून ठणठणीत होता.

बातमी ऐकून सन्मती कारखान्यात आली. तिनं पडद्यावरचा आकडा पाहिला.

"तीस हजारच?"

"यंत्रानं काढला," उर्मिला पुटपुटली. "मला वाटलं, त्याचं आयुष्यच..."

"लग्न झाल्यावर वर्षभरात गाडी सोडणार होता तो. शहरात दवाखाना टाकणार होता. बाबांचं झालं तसं नको म्हणून मीच शपथ घातली होती. तू हौसेनं गाडी करायला घेतलीस, तुझं मन कसं मोडायचं, म्हणून तुला बोललो नव्हतो दोघं."

हा माणूस गाडी सोडणार, हे यंत्रानं त्याच्या हातांवरून बरोबर ओळखलं होतं. ज्या कारणानं तो सोडणार होता, ते कारण उर्मिलानं मोडून टाकलं होतं.

"मग त्या घरातली बाई कोण?" सन्मतीनं विचारलं.

उर्मिलानं तुटका तुकडा फडक्यात गुंडाळायला घेतला.

"आई, बाई कोण?"

"म्हैस होती," उर्मिला म्हणाली.

सन्मतीनं खुंटीवरून चाचणीच्या गाडीची किल्ली काढली. गाडीची धास्ती घेतलेली ती पोर. बापामागं तिनं कधी हँडलला हात लावला नव्हता.

"माझं माप घे. कारखान्याच्या मालकिणीची पोर हाय, एवढा तरी मान दे."

"सन्मे, नको गं. पाया पडते तुझ्या."

"महिना लागतोय न्हवं? लागू दे."

महिनाभर ती रोज पन्हाळ्याच्या उतारावरून गाडी नेऊन आणत राहिली. उर्मिला रोज दारात उभी असे. महिन्यानं यंत्रानं चिमटा उभा केला, तो सन्मतीनं काट्यावर ठेवलाच नाही. आईच्या दोन्ही हातांत दिला.

"सांग आता."

चिमटा हलका होता. का हलका होता, ते यंत्र सांगत नव्हतं.