भाऊसोच्या नंबरावरून

ज्याला खोटं वाटेल त्यानं शिराळ्याकडं यावं. विहीर दाखवते. लांबूनच दाखवेन, जवळ मी जात नाही.

ही माझ्या घरातली गोष्ट आहे. गेल्या उन्हाळ्यातली. आणि रात्रीची नाही, भर दुपारची. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांच्या शेतात मोटर नसावी. आमच्याकडं लाईट येईल तेव्हा दिवस, बाकी सगळं तिच्या मागून.

माझा धाकटा दीर भाऊसो. पावसाळ्यात विहिरीवर मोटर चालू करायला गेला. स्टार्टरला ओला हात लागला...

विहिरीतूनच काढला त्याला.

त्यानंतर आमच्या मालकांनी, नाथाजींनी, मोटरला मोबाईलची पेटी बसवली. घरबसल्या फोनवरून मोटर चालू करायची. मोटर सुरू झाली, बंद पडली, की पेटीच मेसेज पाठवते. विहिरीवर जायलाच नको.

पेटीला सिमकार्ड लागतं. भाऊसोचं घरात पडून होतं. रिचार्ज शिल्लक होतं. चालू रिचार्ज वाया घालवायचा आमच्या घरात कुणाला धीर होत नाही. तेच घातलं.

मालकांच्या फोनात नाव मात्र तेच राहिलं.

पहिला मेसेज आला तेव्हा आम्ही जेवत होतो.

टिंग...

भाऊसो: मोटर चालू झाली आहे.

मालक बघतच राहिले. मग हसले. "बघ अंजना, गडी अजून उसाला पाणी पाजतोय."

मीही हसले. पदर डोळ्याला लावून हसले.

मग ते वाट बघायला लागले. घास हातात, नजर फोनवर. लेक विश्रामबागच्या हॉस्टेलवरून फोन करायची, तर तिचं बोलणं मधेच तोडून मेसेज बघायचे. झोपताना फोन छातीवर. न वाजताही दचकून उठायचे.

"वाजला न्हाई का गं?"

"न्हाई वाजला. भाकरी खावा."

माणूस समोर बसलेला, पण समोर नाही. सवत असती तर झिंज्या धरून भांडले असते. टिंगशी काय भांडू?

एक दिवस मोटरसायकलवर मेसेज बघायला गेले आणि गाडीसकट ओढ्यात पडले. तेव्हा मी ठरवलं. पेटी बसवणाऱ्या दिग्विजयला गुपचूप फोन केला. कुपवाडला वर्कशॉपात असतो तो.

"बिघडलीय म्हणायचं आन् घेऊन जायचं," मी म्हटलं.

"काकी, पेटी झ्याक हाय. फ्यूज काकांचा उडालाय." दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पेटी काढता काढता म्हणाला, "फोन वाजला की दर खेपेला कामाचं असतंच असं न्हाई. कवा असतं, कवा नसतं. म्हणून तर माणूस सारखं सारखं बघतो." आणि बोलता बोलता स्वतःचा फोन बघितला.

वायरी सोडवून, टोकांना टेप गुंडाळून तो पेटी घेऊन गेला. सिम माझ्या हातात दिलं. मी ते पदराच्या गाठीत बांधलं.

दुपार झाली. मी सोप्यात शेंगा फोडत बसलेले. मालक पलंगावर, किती तरी दिवसांनी गाढ झोपलेले.

बाहेर पाखरूसुद्धा बोलत नव्हतं...

टिंग.

मालक ताडकन उठून बसले. मी त्यांच्या आधी फोन उचलला.

भाऊसो: मोटर चालू झाली आहे.

माझा हात पदराकडं गेला. गाठ होती. गाठीत सिम होतं.

आणि शेताकडनं... घुर्रर्र...

मोटर चालू होती.

"आवं, पेटी कुपवाडला गेली!"

"मग ह्यो कोण बोलतोय?"

फोन माझ्या हातातून ओढून ते अनवाणीच निघाले. मी मागं धावले.

बांधावर पोचलो आणि...

टिंग.

मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

भाऊसो: दादा, हितं कोण न्हाई.

पेटीची वाक्यं ठरलेली असतात. तीही पुस्तकी. हे बोलणं पेटीचं नव्हतं.

मालक फोनकडं बघत चालले. पायाखाली बघत नव्हते. आमच्या विहिरीला कठडा नाही...

"आवं, थांबा! आवं!"

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

मी शर्ट धरून मागं ओढलं. दोघंही पडलो. फोन हातातून सुटला, विहिरीत गेला.

मी कान देऊन बसले.

पाण्यात पडल्याचा आवाज... आलाच नाही.

मोटरही गप्प झाली होती. वायरींची टोकं तशीच सुटी, टेप तशीच गुंडाळलेली.

पण उसाच्या सरीतून पाणी वाहत होतं.

संध्याकाळी दिग्विजय येऊन वायरी बघून गेला. चहालाही थांबला नाही.

आता मालकांकडं फोन नाही. माझा मी बंद करून ठेवते. लोक म्हणतात, बरं झालं, सवय सुटली.

सुटली का?

काल जेवायला बसलो होतो. घरात काहीच वाजलं नाही. मी शपथेवर सांगते, काहीच नाही.

मालकांनी मान वर केली. चेहरा उजळला.

"आलो रं," म्हणाले.

मी त्यांचा हात घट्ट धरला. "आवं, मी हाय. हिकडं बघा की."

बघितलं त्यांनी. बराच वेळ माझ्याकडं बघितलं.

"कोण?" म्हणाले.