गोलसमोरची रेघ

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या गवताचा खून करत होता.

एप्रिलमधली सकाळ. एव्हान्सव्हिलच्या फुटबॉल मैदानावर अजून कुणी आलं नव्हतं. ओहायो नदीवरून आलेलं धुकं उत्तरेकडच्या गोलच्या जाळीत अडकून बसलं होतं. त्या गोलच्या तोंडाशी मी आदल्याच आठवड्यात नवं गवत लावलं होतं आणि भोवती छोट्या पिवळ्या झेंड्या खोचल्या होत्या. त्यांचा अर्थ इथल्या प्रत्येकाला माहीत आहे – आत पाय ठेवायचा नाही. आणि हा उंच, सडपातळ माणूस झेंड्यांच्या आत उभा राहून, गोलच्या मध्यापासून पेनल्टीच्या ठिपक्याकडे, टाच घासत एक सरळ रेघ ओढत होता. अगदी निवांत. घरच्या शेतात नांगर धरावा तसा.

मी "अहो!" म्हणून ओरडले. त्याच्या कानात गाणी चालू असावीत. मग मी सरळ पाण्याचा कॉक फिरवला.

जमिनीतून फवारे उसळले. तो टुणकन उडाला, एका फवाऱ्यातून सुटून दुसऱ्यात सापडला आणि शेवटी केसांतून पाणी निथळत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हे काय होतं?"

"पाऊस," मी म्हणाले. "झेंड्यांच्या आत जरा जास्त पडतो."

त्यानं मागे वळून झेंड्या पाहिल्या. पहिल्यांदाच पाहत होता बहुतेक. "अरेच्चा... मी माफी मागणार होतो. पण आता फिट्टंफाट झाली ना?"

"तुमची माझी झाली. गवताचं काय?"

"गवताला सांगा, केनन बेगिच आलाय. नवा गोलकीपर."

"दुसरा गोलकीपर. पहिला आहे आमच्याकडे."

"हो..." तो हसला, पण जरा उशिरानं. "दुसरा."

मी थिया बाउमन. विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकले आणि आता या मैदानाची माती, पाणी, गवत सगळं सांभाळते. एखादी गोष्ट अशी का होते, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. ते हसू उशिरा का आलं, हा प्रश्न मी त्या दिवशी घरी घेऊन गेले.

महिन्याभरात पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं आणि केनन संघात आला. मग दर शनिवारी सामन्याआधी तो टाचेनं रेघ ओढायचा आणि दर सोमवारी मी ती वाळू आणि बी टाकून बुजवायचे.

"पुन्हा आलास?" एका सोमवारी मी गुडघ्यांवर बसल्या बसल्या म्हटलं. तोवर आमचं अहो-जाहो कधीच सरलं होतं.

"गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतो." त्यानं वाळूची बादली उचलली. "दे, मी टाकतो."

"जास्त टाकतोयस."

"किती टाकू?"

"चिमूट चिमूट. तू सांगतोस ना, तुझ्या आईच्या त्या बुरेकवर, खिमा भरलेल्या पापुद्र्यांच्या रोटीवर, मीठ टाकतात तसं."

"बुरेकवर मीठ आतून असतं, बाईसाहेब. एकदा सेंट लुईला घरी ये, शिकवतो." एवढं बोलून तो एकदम गवताकडेच बघायला लागला... आणि मीही.

त्याच सकाळी मी विचारलं, "ही रेघ कशाला लागते रे?"

त्यानं बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "तू ती चित्रफीत पाहिली नाहीस?"

मी पाहिली नव्हती. बाकी सगळ्या देशानं पाहिली होती. बॉस्नियातून आलेल्या मुस्लिम आईबापांचा हा मुलगा सेंट लुईच्या गल्लीत खेळायला शिकला. कॉलेजात चमकला, तिथून थेट पहिल्या श्रेणीतल्या मोठ्या क्लबात गेला. पहिल्याच मोसमात त्याला सामना मिळाला. तो गोल सोडून थोडा पुढे आला होता. समोरच्यानं जवळजवळ अर्ध्या मैदानावरून चेंडू उंच मारला. केनन उलटा धावला, उडी मारली – आणि खांबावर जाऊन आदळला. चेंडू चार हात लांबून आत गेला.

"मला वाटलं होतं मी मधोमध आहे," तो म्हणाला. "तेव्हापासून पाठीमागचा गोल मला... हललेला वाटतो. पुढे येऊन उभा राहिलो की कळत नाही तो कुठे आहे. खाली रेघ दिसली की जीव थाऱ्यावर येतो."

त्या क्लबनं त्याला सोडलं. मग दोन-तीन लहान क्लब झाले, एक हिवाळा सेंट लुईत मामाच्या बेकरीत पाव भाजण्यात गेला, आणि आता आम्ही. करार शरद ऋतूपर्यंतचा.

"आणि त्यानंतर?"

"मामानं ॲप्रन धुऊन ठेवलाय."

जूनमध्ये आमच्या संघानं कमाल केली. राष्ट्रीय चषकात, जिथे लहानमोठे सगळे क्लब एकाच सोडतीत असतात, आम्ही एकापाठोपाठ एक सामने जिंकत गेलो. आणि पुढच्या फेरीत आमच्या मैदानावर कोण येणार? केननला काढून टाकणारा तोच क्लब.

गावात दुसरा विषय नव्हता. आणि नेमका त्याच्या आदल्या सामन्यात घोळ झाला. समोरच्या प्रशिक्षकानं रेघेची तक्रार केली, पंच धावत आले आणि त्यांनी केननला पिवळं कार्ड दाखवलं. मैदानावर परवानगीशिवाय खूण करणाऱ्याला ताकीद, असा नियम पुस्तकात आहेच. बहुतेक पंच काणाडोळा करतात, एवढंच. त्या दिवसानंतर कुणी करणार नव्हतं.

"चषकात तूच खेळशील," आमचे कोच डेलेनी त्याला माझ्यासमोरच म्हणाले. "पण रेघ नाही. सुरुवातीलाच एक पिवळं कार्ड घेऊन उभा राहिलेला गोलकीपर मला परवडणार नाही. दुसरं मिळालं की बाहेर."

"हो, कोच."

त्या आठवड्यात तो सरावात रेघेशिवाय उभा राहिला. मी कडेला पाण्याची नळी गुंडाळत होते. पहिला चेंडू डोक्यावरून गेला, दुसराही. तिसऱ्याला तो धावला आणि मध्येच थबकून मागे वळून पाहू लागला – खांब कुठे आहेत ते. तेवढ्यात चेंडू आत.

 

रविवारी आमच्या चर्चच्या हिरवळीवर उन्हाळी मेजवानी होती. बर्गूच्या, म्हणजे आमच्याकडच्या मांस-भाज्यांच्या दाट रश्श्याच्या, कढया पहाटेपासून रटरटत होत्या. माझ्याबरोबर मैदानावर काम करणारे ओटो वल्ह्याएवढ्या पळीनं रस्सा ढवळत होते.

केननने कढईत डोकावून विचारलं, "यात डुक्कर नाही ना?"

"कोंबडी, गाय आणि माझ्या आजीचा हट्ट," ओटो म्हणाले. "खा रे बाबा. पोरगी सकाळपासून चार वेळा विचारून गेली, केनन आला का म्हणून."

"ओटो!"

"पाच वेळा."

आम्ही वाडगे घेऊन झाडाखाली बसलो. त्याचा कोपर माझ्या कोपराला लागला. दोघांनीही काढला नाही.

"थिया... शनिवारी मी हरलो तर बेकरी. हे ठरलेलंच आहे."

"आणि जिंकलास तर?"

"मोठ्या क्लबांची माणसं बघायला येणार आहेत. मग... कुठेतरी लांब."

म्हणजे दोन्हीकडून मला तेच उत्तर मिळत होतं: तो जाणार. मी रस्सा ढवळत बसले. त्यातलं गाजर फार मन लावून पाहिलं.

"तुला काय हवंय?" त्यानं हळूच विचारलं.

मला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण म्हणाले, "तू जिंकावंस."

घरी जाताना मी ते वाक्य तपासून पाहिलं. खरं निघालं. दुखत होतं, पण खरं होतं.

गवतावर ते फिके आणि गडद पट्टे दिसतात ना, लोकांना वाटतं त्यात दोन जातींचं गवत असतं. गवत एकच असतं. यंत्रामागचा रोलर पाती एका बाजूला झोपवतो. तुमच्यापासून दूर झुकलेली पाती फिकी दिसतात, तुमच्याकडे झुकलेली गडद. आमचे पट्टे वर्षानुवर्षं आडवे असायचे, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

शनिवारी सकाळी मी एका गोलच्या मध्यापासून दुसऱ्या गोलच्या मध्यापर्यंत दोरी ताणली.

ओटो कॉफी घेऊन आले, दोरी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "उभे पट्टे?"

"उभे."

"आणि फिका-गडद जिथे भेटणार, ती जागा...?"

"दोरीखाली."

त्यांनी एक घोट घेतला. "चालेल का हे?"

"मी अधिकाऱ्यांना विचारलंय. रंग नाही, खाच नाही. आणि त्यांच्या गोलकीपरलाही तेच मिळणार आहे."

"त्यानं मागितलं?"

"नाही. त्याला माहीतसुद्धा नाही."

"आणि तो जिंकून गेला म्हणजे?"

मी यंत्र सुरू केलं. त्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही.

संध्याकाळी उन्हं अजून खांबांवर होती तेव्हा संघ मैदानात आले. केनन मान खाली घालून गोलकडे चालत गेला. ठिपक्यापाशी थांबला. डावीकडे फिकं, उजवीकडे गडद, आणि मधून एक सुतासारखी सरळ सीमा, थेट त्याच्या गोलच्या पोटात जाणारी. तो वाकला. हातमोजा काढून त्यानं गवतावरून तळवा फिरवला... आणि मग उठून सगळ्या मैदानाच्या कडा शोधू लागला. मी फाटकापाशी उभी होते. त्यानं मला शोधलं. हात वगैरे केला नाही. नुसतं पाहिलं. माझे कान गरम झाले.

सामना मी सांगणार नाही सगळा. आम्ही एक गोल केला आणि मग जीव मुठीत धरून बचाव केला. केननने एक पायानं अडवला, एक छातीवर घेतला. शेवटच्या मिनिटांत चेंडू लांब मारून आमचे सगळे दम घ्यायला पुढे सरकले असताना तो त्यांच्या माणसाला मिळाला. केनन गोल सोडून बराच पुढे होता. त्या माणसानं मान वर केली, ते पाहिलं – आणि अर्ध्या मैदानावरून चेंडू उंच मारला.

प्रेक्षक उभे राहिले. सगळ्यांना ती चित्रफीत आठवली असणार.

केनन उलटा धावू लागला. एकदाच त्यानं पायांकडे पाहिलं. फिकं, गडद. मग पुन्हा खाली नाही, मागे नाही, डोळे फक्त चेंडूवर. सीमेवरून धावत, धावत, आडव्या दांड्याखाली त्यानं स्वतःला मागे झोकून दिलं. बोटांची टोकं चेंडूला लागली. चेंडू दांड्यावरून पलीकडे गेला, आणि तो जाळीत, मधोमध, उताणा पडला.

नंतर शिट्टी झाली ती मला ऐकूच आली नाही. ओटो माझ्या पाठीवर धपाधप मारत होते.

मैदान रिकामं व्हायला लागलं, तसा तो बूट हातात घेऊन, मोज्यांनीच चालत आला. बाहेर दोन क्लबांची माणसं त्याच्यासाठी थांबली होती.

"ते थांबलेत," मी म्हणाले.

"थांबू देत. तू मला दोरीनं मापून मध्य दिलास, थिया?"

"दोनदा मापला."

"मला कुणी असं... आजवर..."  त्यानं डोळे पुसले आणि हसला, या वेळी अजिबात उशीर न लावता. "बोलावलं तर मी जाणार आहे."

"मग? गेला नाहीस तर मीच बदडेन."

"आणि दर रिकाम्या दिवशी इथे येणार आहे. आणि हिवाळ्यात तुला सेंट लुईला नेणार आहे, आईनं बुरेकचं नक्की केलंय. आणि तुला आवडलं तर पुढे... मी जाईन तिकडेही गवत असतंच की."

"पाहिलंय टीव्हीवर. फार वाईट कापतात."

"तेच म्हणतोय मी."

त्यानं बूट घातला. माझ्या पायांपासून स्वतःच्या पायांपर्यंत, टाचेनं, माझ्या देखत, एक हातभर रेघ ओढली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. घे, बुजव सोमवारी."

माझ्या मागच्या खिशात नेहमीप्रमाणे झेंड्या होत्या. मी एक पिवळी झेंडी काढली आणि पंचांसारखी हात ताठ करून त्याच्या नाकासमोर धरली.

"परवानगीशिवाय खूण केल्याबद्दल."

तो गंभीरपणे झेंडीकडे पाहत राहिला. "दुसरं पिवळं मिळालं की मैदानाबाहेर जावं लागतं ना?"

"नियम आहे."

"तुझ्याबरोबर? जेवायला?"

मी खिशातून दुसरी झेंडी काढली.