हेमराजच्या जहाजावरचा जास्तीचा माणूस

हे वाचून कोणी म्हणेल, भूपेंद्र थापा मारतो. खुशाल म्हणा. माझी बायको पूनम साक्षीला आहे. तिनं जे पाहिलं ते ती आजही कोणासमोर सांगायला तयार आहे.

गोष्ट गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली. मंगळवारची संध्याकाळ. जागा... सौंसरहून रामाकोन्याकडे जाताना लागणारा आमचा संत्र्याचा बगीचा. माल तोडणीला आला होता आणि मी राखणीला खाटेवर बसलो होतो.

मी आजवर समुद्र पाहिलेला नाही. एवढं आधी लक्षात ठेवा.

हेमराज माझा मामेभाऊ, पांढुर्ण्याचा. आम्ही एकाच वयाचे. मालवाहू जहाजावर अधिकारी व्हायचं खूळ माझ्या डोक्यातलं. त्याच्या नाही, माझ्या. माहिती मी काढली, त्याला अभ्यासाला मी बसवलं. मग नागपूरला आम्हा दोघांच्या डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं. हेमराजनं त्यातले आकडे फटाफट वाचले.

मला नुसते ठिपके दिसले.

मला लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. तोवर घरचे म्हणायचे, हा मुद्दाम कच्ची संत्री तोडतो.

आता यात एवढं काय, असं वाटेल. अंधारात समुद्रावर जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. आपल्या उजवीकडच्या जहाजाचा लाल दिवा दिसला, तर ते आपली वाट कापून येत आहे. मग आपण वळायचं. तिकडचा हिरवा दिसला, तर आपण आपल्या वाटेनं जायचं. ज्याला हे दोन रंग कळत नाहीत, त्याच्या हाती जहाज देत नाहीत.

नियम बरोबर आहे. पण माझं जळणं काही त्यानं थांबलं नाही.

हेमराज थर्ड ऑफिसर झाला. माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या आत्याच्या मोबाईलवर उघडल्याबरोबर त्याचा पांढऱ्या वर्दीतला फोटो दिसतो. मी तिच्याच घरात राहतो, तिचा बगीचा सांभाळतो. माझा फोटो तिनं कधी लावला नाही.

दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला.

"भुप्या, एक गोष्ट सांगतो. हासू नको बे."

"सांग."

"माह्या ड्युटीत ब्रिजवर आमी दोघंच असतो. मी अन् एक खलाशी. पन चार-पाच दिवसांपासून तिसरं कोनीतरी उभं राह्यते. उजव्या खिडकीपाशी."

ब्रिज म्हणजे जहाज चालवायची वरची खोली. बाहेरचे दिवे नीट दिसावेत म्हणून तिथे अंधार ठेवतात.

"कोन हाय?"

"जवळ गेलो का कोनी नसते. फक्त वास येते..."

"कायचा?"

"संत्र्याच्या सालीचा. आपल्या संत्र्याच्या."

मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. होऊ दे त्यालाही थोडा ताप, असं मनात आलं.

त्याच्या जहाजाचा विचार आधीही यायचा, त्या दिवसापासून त्याचा नादच लागला. संध्याकाळी खाटेवर बसलो की डोक्यात तेवढंच. त्या खिडकीपाशी मी असतो तर... ती वर्दी माझ्या अंगावर असती तर... हेमराज इथे बसून संत्री राखत असता तर...

मग तो मंगळवार आला.

पुढचं पूनमनं पाहिलं. ती माझ्यासाठी चहा घेऊन बगीच्यात आली. दिवस नुकताच बुडाला होता. त्या वेळी झाडांवर पोपटांचा नुसता कालवा असतो.

त्या दिवशी एकही पोपट बोलत नव्हता.

विहिरीवरची मोटार चालू होती. पाईपातून पाणी पडताना तिला दिसत होतं...

पण पाण्याचा आवाज येत नव्हता.

मी खाटेवर ताठ बसलो होतो. डोळे उघडे. ती समोर येऊन उभी राहिली, तरी मी तिच्या पलीकडे कुठेतरी पाहत होतो. माझं अंग डुलत होतं. डावीकडे... उजवीकडे... अगदी सावकाश.

"अहो, चहा आनला."

 तिनं माझा हात धरला. हात थंडगार होता.

मग मी बोललो.

"हिरवा हाय. जाऊ दे सरळ."

"काय हिरवं? काय बोलून राह्यले तुमी?"

थोड्या वेळानं मी डोळे मिटले, उघडले आणि तिच्याकडे चहा मागितला. तो कधीच गार झाला होता. मला यातलं काही आठवत नाही. पूनमला वाटलं, ताप चढला असेल. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आम्ही घरी आलो.

दोन दिवसांनी हेमराजचा फोन आला. आवाज पार बसलेला होता.

"भुप्या, मंगळवारी वाचलो आमी."

मंगळवारी आमच्याकडे दिवस बुडाला, तेव्हा त्याच्याकडे, लांब पूर्वेला, चांगला अंधार पडला होता. जागा अरुंद, जहाजांची गर्दी. त्याच्यासोबतचा खलाशी फेरीला खाली गेला होता. हेमराज रेडिओवर दुसऱ्या एका जहाजाशी बोलण्यात गुंतला होता. तेवढ्यात उजवीकडे एक दिवा दिसू लागला. तो दुर्बीण उचलणार, इतक्यात उजव्या खिडकीजवळून आवाज आला.

"हिरवा हाय. जाऊ दे सरळ."

"आपल्या बोलीत बे," हेमराज म्हणाला. "मले काई वेगळं वाटलंच नाही. घरचं मानूस सांगून राह्यलं, असं वाटलं. मी बरं म्हनलं अन् बोलत राह्यलो."

खलाशी वर आला आणि ओरडला. दिवा लाल होता.

हेमराजनं सुकाणू पूर्ण उजवीकडे फिरवलं. समोरचं जहाज इतक्या जवळून गेलं की त्याच्या डेकवर पळणारी माणसं दिसली. हेमराजच्या जहाजावर एकवीस जण होते. काही क्षण उशीर झाला असता, तर त्यांच्यातलं कोण घरी परत आलं असतं, सांगता येत नाही.

ब्रिजवरचं सगळं बोलणं जहाजाच्या यंत्रात आपोआप साठतं. कॅप्टननं ते काढून ऐकवलं आणि विचारलं, ही कोणती भाषा, आणि हा कोण? हेमराज काय सांगणार? त्यानं तेवढा तुकडा आपल्या मोबाईलमध्ये उतरवला आणि मला पाठवला.

हेमराजचं जहाज कसं वाचलं ते सांगून मी तो तुकडा स्वयंपाकघरात लावला. आई बसली होती, पूनम पोळ्या लाटत होती.

आधी यंत्रांची घरघर. मग हेमराजचं इंग्रजी. मग...

"हिरवा हाय. जाऊ दे सरळ."

पूनमचं लाटणं थांबलं. "हा तुमचाच आवाज हाय," ती म्हणाली. "तुमी हेच बोल्ले होते."

आई उठली. माझ्यासमोर येऊन तिनं हात जोडले.

"भूपेंद्रा, सोड बापा त्याले. लेकराच्या मांगं नको लागू."

माझ्या आईनं, त्याच्यासाठी, मला हात जोडले. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा लाज वाटली नाही. आतून पुन्हा पेटलो.

फेब्रुवारीत हेमराज सुट्टीवर आला. पांढुर्ण्यात राहिला, सौंसरला फिरकला नाही. आता तो सेकंड ऑफिसर होऊन दुसऱ्या जहाजावर गेला आहे. त्या जहाजाचं नाव मला कोणी सांगत नाही. मलाही ते नको आहे, निदान मी पूनमला तसं सांगतो. त्याचा फोन आला की आई अंगणात जाऊन बोलते. संध्याकाळी पूनम मला बगीच्यात एकट्याला बसू देत नाही.

परवा सकाळी चहा पिता पिता मी सहज बोलून गेलो, "त्या कपाटाचं दार लय आपटते. मोजा कोंबून ठेवला, तरी आपटतेच."

"कोनत्या कपाटाचं?" पूनमनं विचारलं.

आमच्या घरातलं एकही दार आपटत नाही. 

संध्याकाळी आई फोनवर बोलून अंगणातून आत आली. "पोरगा रातभर झोपला नाही वो," ती पूनमला म्हणाली. "जहाज लय डुलते म्हने. खोलीतल्या कपाटाचं दार आपटत राह्यते. मोजा कोंबला, तरी थांबत नाही."

पूनमनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मला भीती वाटली, हे खरं आहे. आजही वाटते.

पण त्या भीतीच्या आधी, क्षणभर, दुसरंच काहीतरी वाटलं होतं. मीही जहाजावर आहे, असं वाटलं होतं. आणि मला फार बरं वाटलं होतं.