पश्चिमेची भिंत

जयपुरात माझी नऊ घरं आहेत. राहायला त्यातलं एकही नाही, पण त्यांच्या भिंतींच्या पोटातला फोम मी भरलाय. बाहेर चव्वेचाळीस अंश असताना आत पंखा एकवर भागतो, तेव्हा मला जो आनंद होतो तो मी लपवत नाही. मी परीक्षित शेलार, मूळचा साताऱ्याचा, आणि माझ्या कामात फट सापडत नाही.

इथल्या मानसरोवर वस्तीच्या पुढे मराठी बँकवाल्यांची चाळीस प्लॉटची सोसायटी उभी राहतेय. सेक्रेटरी सुहासिनी खासनीस, निवृत्त मॅनेजर. पहिलं घर त्यांचंच. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शेलार, सगळ्या सभासदांसमोर तुमच्या कॅमेऱ्यातून भिंती बघणार. एक जरी लाल ठिपका दिसला, तर उरलेली घरं दिल्लीच्या माणसाला." हा कॅमेरा उष्णता दाखवतो. गार ते निळं, गरम ते लाल.

माझे मिस्त्री नंदकिशोरजी मुरलीपुऱ्याचे. फवारणीआधी ते रिकाम्या भिंतीवर तीनदा टकटक करतात आणि म्हणतात, "कोई बैठा हो तो उठ जाओ भाई, भर रहे हैं." मी त्यांची कायम टिंगल करायचो. पश्चिमेच्या भिंतीच्या दिवशी ते पुतणीच्या लग्नाला गेले होते. मास्क चढवून गन मीच हातात घेतली. विटांवर पातळ द्रव पडतो आणि बघता बघता दुधासारखा उतू येतो. काम सुरेख झालं. टकटक केली नाही, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कॅमेरा लावला. भिंत निळी, एकतीस अंश. जमिनीलगत मात्र एक लाल डाग. सदतीस.

फवारताना फोम तापतो, पण रात्रभरात निवतो. ऊन त्या भिंतीवर दुपारशिवाय येत नाही. मागून पाइप किंवा वायर जात नव्हती, नकाशा मी दोनदा तपासला. दहा वाजता सदतीस. बाराला सदतीस.

करवत घेऊन कापलं. आत पोकळी होती. जो फोम केसाएवढी फट सोडत नाही, त्याने इथे एखादा माणूस गुडघे पोटाशी घेऊन पाठ टेकेल एवढी जागा सोडली होती. कडा गुळगुळीत. मागच्या विटा कोऱ्या, एक कणही चिकटलेला नाही.

मला भीती नाही वाटली, राग आला. माझ्या भिंतीत पोकळी म्हणजे काय. मापाचा अंदाज घ्यायला म्हणून मी तिथे पाठ टेकून बसलो. खांद्यांना ती नेमकी बसली. आत ऊब होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. मग ती हळूहळू निवली.

"साहब, उठिए वहाँ से." नंदकिशोरजी दारात उभे होते, हातात लग्नाच्या लाडवांचा डबा. "आवाज लगाई थी?"

मी उठलो, पोकळी भरली, वरून जिप्समचा बोर्ड लावला. त्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत.

रविवारी दुपारी तीनला सभासद जमले. हॉलमध्ये वीस माणसं, प्रत्येकाचा रुमाल कपाळावर. मला घाम नव्हता. आठवडाभर मला उकडलंच नव्हतं, आणि त्याचं श्रेय मी फोमला दिलं होतं.

कॅमेरा टीव्हीला जोडला. पश्चिमेची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत निळीशार. टाळ्या वाजल्या. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

"आता जरा माणसं बघू," म्हणत खासनीसबाईंनी कॅमेरा हातात घेतला आणि खोलीभर फिरवला. लाल चेहरे, पिवळे हात, हशा.

मग तो माझ्याकडे वळला.

मी भिंतीला टेकून उभा होतो. पडद्यावर नुसती भिंत होती.

बाईंनी चष्मा पुसला. कोपऱ्यातला आकडा पुन्हा वाचला. एकतीस.

"एकही लाल ठिपका नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि उरलेल्या एकोणचाळीस घरांच्या करारावर सही केली.

पेन परत देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यांनी हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.